बत्तीस पटीची दुर्बीण आणि तीनशे यार्डांवरचा प्रेअरी डॉग: एक प्रकरण अभ्यास

रायफल अमेरिकेत, वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावाजवळ. सल्ला मात्र गिरगावातून गेला. रायफल माझ्या भाच्याची आणि प्रश्नही त्याचाच: "मामा, आठ ते बत्तीस पटीची दुर्बीण सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतेय. ठेवू का परत करू?" म्हणजे घेऊन झाली होती. परत करायची मुदत चालू होती, म्हणून मामाची आठवण झाली.

मी बंदूकवाला नव्हे. थिओडोलाइट, ऑटो लेव्हल, टोटल स्टेशन ही मोजणीची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. तरुणपणी वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टूची थोडीफार नेमबाजी केली, पण तिथल्या ऑलिंपिक धर्तीच्या प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे गोल कडी आणि त्यातून काळा ठिपका, एवढंच. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि पोरं ते भिंगाविना फोडतात. त्यामुळे 'पट जास्त तेवढा नेम चांगला' या हिशोबावर माझा आधीपासूनच विश्वास कमी.

परिस्थिती अशी. भाचा सिव्हिल इंजिनियर, ग्रीन कार्ड झालेलं. कॅस्परहून तासाभरावर ओळखीच्या एका गुरंवाल्याचं कुरण आहे आणि त्यात प्रेअरी डॉगांची वसाहत पसरत चालली आहे. नावात डॉग असलं तरी हा प्राणी खारीच्या कुळातला. वजन किलोभर. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहिला की उंची साधारण दहा इंच, रुंदी तीन-चार इंच. गुरांच्या वाट्याचं गवत खातो म्हणून तिथले लोक त्याला उपद्रवी धरतात, आणि खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने त्याला मारायला तिथे मनाई नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. रानडुकराने भात तुडवला तरी सरकारी परवानगीशिवाय बंदूक उचलता येत नाही. "तुझ्यासाठी पण एक दुर्बीण आणू का?" असं भाच्याने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. शिवाय रायफलच्या दुर्बिणी अमेरिकेबाहेर न्यायला तिथले निर्यात-नियम लागू होतात. बॅगेत टाकून आणायची ती वस्तू नव्हे.

रायफल .२२३ रेमिंग्टन, बोल्ट अ‍ॅक्शन, जाड नळीची. गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची, प्लॅस्टिकच्या टोकाची. कुरणाच्या कडेला लाकडी बाक, त्यावर वाळूच्या पिशव्या. अंतरं दीडशे ते साडेतीनशे यार्ड, क्वचित चारशे. रायफलबरोबर आलेली दुर्बीण ३–९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं, साधी. तिच्यातून दोनशेपर्यंत ठीक लागायचं आणि पुढे "कधी लागतं, कधी नाही, का ते कळत नाही". त्यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे बत्तीस पट.

मी त्याला सांगितलं, पट राहू दे, आधी नेम कुठे चुकतो ते शोधू.

पहिली गोष्ट वारा. ५५ ग्रेनची ही गोळी सुमारे ३,२४० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटते. समुद्रसपाटीच्या हिशोबाने ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला तीनशे यार्डांवर साधारण दहा इंच बाजूला नेतो. कॅस्पर पाच हजार फुटांवर, हवा विरळ, म्हणून थोडं कमी धरा. पण तिथला वारा एका चालीने वाहत नाही. अंदाज ताशी पाच मैलांनी चुकला तर गोळी चार-पाच इंच सरकते, आणि जनावर रुंदीला तीन-चार इंच. म्हणजे बाकी सगळं अचूक असलं तरी वाऱ्याच्या एका चुकीच्या अंदाजाने नेम पूर्ण हुकतो. दुर्बीण नऊ पटीची असो की बत्तीस, वारा तोच. त्या मानाने गोळीचं खाली येणं फार सोपं. दोनशेवर झीरो केली, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर पडेल अशी दुर्बीण लावली, तर तीनशेवर साधारण सात इंच. तक्ता बघायचा, तेवढं वर धरायचं.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमाची तार लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं, आणि इथे मी माझ्या गल्लीत आलो. लेव्हलवर नव्या पोराला शिकवताना पहिला धडा हाच असतो: आधी आयपीस फिरवून तारा काळ्या-स्वच्छ कर, मग स्टाफवर (समोर उभ्या धरलेल्या मापाच्या पट्टीवर) फोकस कर, मग डोकं वरखाली हलवून बघ. तार स्टाफवर सरकत असेल तर वाचन घेऊ नकोस. रायफलच्या साध्या दुर्बिणीत हा फोकस कारखान्यातच एका अंतरावर बांधून टाकलेला असतो, मोठ्या काडतुसांसाठी बहुधा शंभर यार्डांवर. भाच्याच्या जुन्या दुर्बिणीचं तेच होतं. भिंग ४० मिलिमीटरचं, पॅरॅलॅक्स शंभरावर, लक्ष्य तीनशेवर. डोळा अगदी कडेला गेला तर चूक होते ४० भागिले २, गुणिले २०० भागिले १००. म्हणजे ४० मिलिमीटर, दीड इंचाहून जास्त. सगळ्यात वाईट धरूनचा हा आकडा आहे, पण गाल दर वेळी लाकडावर थोडा वेगळा टेकला की यातलं काही ना काही पदरात पडतंच. साडेतीन इंचांच्या जनावराला मधोमध धरलं तरी दोन्ही बाजूंना पावणेदोन इंच उरतात. 'का ते कळत नाही' यातला मोठा वाटा मला इथे दिसला.

तिसरी गोष्ट भाच्याच्या यादीत नव्हती. बिळाच्या तोंडाशी उभं असलेलं प्रत्येक दहा इंची करडं-तपकिरी काही प्रेअरी डॉग नसतं. त्यांच्या सोडलेल्या बिळांत तिथे एक घुबड राहतं, दिवसाढवळ्या बिळाच्या मातीवर लांब पायांवर उभं असतं, आणि उंची जवळपास तेवढीच. आपल्या पिंगळ्याच्याच वंशातलं, आणि तिथल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याने संरक्षित. शिवाय प्रेअरी डॉगांवरच जगणारं काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) संपलं असं मानलं जात असताना १९८१ साली याच वायोमिंगमध्ये, मीटीत्सी गावाजवळ, ते पुन्हा सापडलं. त्यामुळे तीनशे यार्डांवर कान आहेत की पिसं, हे नीट दिसणं ही दुर्बिणीकडून माझी पहिली अपेक्षा. ती पटीपेक्षा भिंगाच्या दर्जाने पूर्ण होते. चांगलं सोळा पट वाईट बत्तीस पटीपेक्षा जास्त दाखवतं.

भाचा म्हणाला, "पण मामा, बत्तीसमध्ये किती मोठं दिसतं!"

दिसतं. सकाळी दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या टोटल स्टेशनच्या दुर्बिणी तीस पटीच्या असतात, म्हणजे जवळजवळ त्याच्या बत्तीसच्या बरोबरीच्या. एप्रिलमध्ये दुपारी बाराला तापलेल्या डांबरावरून शंभर मीटरवरचा स्टाफ त्यातून बघा. आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात, सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी एकमेकींत मिसळतात. जुने सर्व्हेअर महत्त्वाचं लेव्हलिंग सकाळीच उरकतात ते काही उन्हाच्या भीतीने नव्हे. (हेच मरीन ड्राइव्हवर तिपाई लावून समुद्रापलीकडच्या मलबार हिलवर बघायला जाल तर शहाणपण शिकण्याआधी हवालदार येईल.) गवताळ माळावर उन्हाळ्यात हवा तशीच उकळते. बारा पटीवर तीच थरथर कामाची असते. ती कुठे झुकते आहे त्यावरून वारा कुठून आहे ते कळतं. बत्तीसवर नुसता लगदा.

शिवाय बत्तीस पटीला बाहेर पडणारा प्रकाशाचा ठिपका लहान. तिचं भिंग ५६ मिलिमीटरचं; ५६ भागिले ३२, म्हणजे १.७५ मिलिमीटर. उजेडात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे अंधारल्यासारखं फार वाटत नाही, पण डोळा बरोबर त्या ठिपक्यावर राहिला नाही की चित्र काळं. ४४ चं भिंग सोळा पटीला पावणेतीन मिलिमीटर देतं, बाराला साडेतीनच्या वर. मान मोकळी राहते. हे काम दिवसाउजेडीचं आहे, तेव्हा ५६ च्या थाळीएवढ्या भिंगाला पैसे कशाला? तीस मिलिमीटरच्या जाड नळीतून 'जास्त उजेड येतो' ही दुकानदारांची आवडती थाप. जाड नळीने मुख्यतः नेम वर-खाली सरकवणारा नॉब फिरवायला जागा जास्त मिळते.

माझ्या लेखी सगळ्यात जड मुद्दा दृष्टिक्षेत्राचा होता. बत्तीस पटीला अशा दुर्बिणींत शंभर यार्डांवर साडेतीन फुटांच्या आसपासचा पट्टा दिसतो, सोळा पटीला सात फुटांच्या आसपास. तीनशेवर याचे तिप्पट करा. .२२३ चा धक्का किरकोळ, पण बत्तीस पटीला तेवढ्यानेही चित्र उडून जातं. परत येईपर्यंत धूळ बसलेली असते. गोळी डावीकडे पडली की उजवीकडे, वर की खाली, काहीच कळत नाही. बारा पटीला धूळ दिसते. चुकलेली गोळी कुठे पडली हे दिसलं तर पुढच्या गोळीसाठी वारा मोजून मिळाला, आणि वारा हीच तर मुख्य अडचण. बत्तीस पटीने जनावर मोठं केलं आणि वाऱ्याची खबर काढून घेतली, असा सौदा होता तो.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "बरं, पण बत्तीस पटीची आठवर ठेवून वापरता येईल ना?" वकिली मुद्दा, पण बरोबर होता. म्हणून त्या दुर्बिणीची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

गोळी न झाडता करायची ही परीक्षा आहे. रायफलचा बोल्ट काढून ठेवायचा, रायफल बाकावर शिकंज्यात घट्ट आवळायची. शंभर यार्ड पोलादी टेपने मोजायचे, अंदाजाने नाही. तिथे फळी उभी करून तिच्यावर इंचांची मोजपट्टी ताणून उभी लावायची. क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) तळाच्या खुणेवर आणायचा, नॉब ठरावीक क्लिक, म्हणजे खटके, फिरवायचा, आणि क्रॉसहेअर पट्टीवर किती सरकला ते वाचायचं. मग नॉब शून्यावर आणून तो पहिल्या खुणेवर परत येतो का ते बघायचं. थिओडोलाइट तपासताना आम्ही कॉलिमेटरवर करतो त्याचंच हे मैदानी रूप.

त्या सेलच्या दुर्बिणीचे क्लिक एक-अष्टमांश एमओएचे. एमओए म्हणजे कोनाची एक कला, अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर १.०४७ इंच. तीस एमओए फिरवल्यावर क्रॉसहेअर ३१.४ इंच सरकायला हवा होता. सरकला सव्वातीस. तीन-चार टक्क्यांची ही तूट एकवेळ चालली असती. तक्त्यात तेवढा गुणक धरला की झालं. पण शून्यावर परत आणल्यावर तो मूळ खुणेच्या अर्धा इंच बाजूला थांबला, पुन्हा केल्यावर दुसऱ्याच जागी. आत क्रॉसहेअरची नळी धरून ठेवणारी स्प्रिंग सैल किंवा नॉबचा स्क्रू ओबडधोबड, असं काहीतरी. अशा नॉबवर एक-अष्टमांशची रेघ कोरण्यात काय अर्थ? कंपनीचं नाव इथे घेत नाही, एका नगावरून मालाची परीक्षा होत नाही. भाच्याने वकिली सोडली आणि खोकं परत पाठवलं.

मग कोणती? उरले दोन पर्याय, दोन्ही साधारण एकाच किमतीचे, दोन्हींना बाजूला पॅरॅलॅक्सचा नॉब: ६–२४×५०, क्रॉसहेअर दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये, आणि ४–१६×४४, क्रॉसहेअर पहिल्यात.

हा फरक कॅटलॉगमध्ये एका ओळीत असतो, पण निर्णय त्यावरच झाला. दुसऱ्या प्लेनमध्ये पट वाढवली तरी क्रॉसहेअर डोळ्याला तेवढाच दिसतो, म्हणून मोठ्या पटीवर त्याची रेघ लक्ष्यावर बारीक बसते. कागदावर नेमबाजी करणाऱ्याला हे उत्तम, आणि वरळीसारख्या रेंजवर बाकावरून झाडायचं असतं तर मी हीच घेतली असती. पण तिच्यावरच्या खुणा एकाच पटीला खऱ्या, बहुधा सर्वात मोठ्या. चोवीसला एक मिल, म्हणजे अंतराचा हजारावा भाग, दाखवणारी खूण बाराला दोन मिल होते. दुपारी हवा उकळू लागली, भाच्याने चोवीसवरून बारावर आणलं, आणि वाऱ्यासाठी एक खूण बाजूला धरली तर तीनशे यार्डांवर जवळजवळ अकरा इंच जास्त. गडबडीत हे लक्षात राहत नाही. पहिल्या प्लेनमध्ये क्रॉसहेअर चित्राबरोबर लहान-मोठा होतो, त्यामुळे खूण कुठल्याही पटीला खरी. तोटा असा की मोठ्या पटीवर रेघ जाड दिसते. त्याने बघितलेल्या दुर्बिणीत ती ०.०४ मिल होती, म्हणजे तीनशेवर अर्ध्या इंचाहून कमी. साडेतीन इंचांचं जनावर तिच्यामागे लपत नाही.

मिल की एमओए यावर तिकडे लोक हमरीतुमरीवर येतात म्हणे. भाच्याला मी मिल घे म्हटलं, कारण ते माझ्या हाताला सवयीचं आहे. आमच्या थिओडोलाइटमध्ये मधल्या तारेच्या वर-खाली ज्या दोन स्टेडिया तारा असतात, त्यांच्यात सापडलेली स्टाफची लांबी गुणिले शंभर म्हणजे अंतर. दुसऱ्या शब्दांत त्या दोन तारांमध्ये दहा मिल. दहा इंची जनावर एक मिलमध्ये मावलं तर ते पावणेतीनशे यार्डांच्या आसपास. अर्ध्या मिलमध्ये मावलं तर साडेपाचशेच्या पुढे, त्याला राहू दे. ०.१ मिलचा एक क्लिक कोनात २०.६ सेकंद, आणि जुन्या व्हर्नियर थिओडोलाइटचं किमान माप २० सेकंद. इतक्या वर्षांनी तेच माप बंदुकीवर भेटल्याची मला गंमत वाटली. भाच्याला अजिबात वाटली नाही.

४–१६×४४ आली. तीच परीक्षा पुन्हा. शंभर यार्ड म्हणजे ३,६०० इंच, तेव्हा दहा मिलला बरोबर ३६ इंच, हिशोबाला कागद लागत नाही. क्रॉसहेअर ३६ च्या रेघेवर थांबला आणि शून्यावर परत आला, फिरून फिरून आला. पॅरॅलॅक्सच्या नॉबवर छापलेले आकडे मात्र जरा मागेपुढे होते. ते बहुतेक दुर्बिणींत असतात. आकड्यावर विसंबू नकोस, डोकं हलवून बघ, हा लेव्हलवाला धडा त्याला तिसऱ्यांदा दिला.

उन्हाळाभर त्याने ती बहुतेक बारावरच ठेवली. तीनशेपर्यंत आता लागतं, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते त्याला सांगता येतं. साडेतीनशेच्या पुढे वारा असेल तर तो झाडतच नाही. एकदा सोळावर बघताना मातीवरचं जनावर मान गर्रकन वळवून त्याच्याकडे बघू लागलं. घुबड होतं. त्या बाजूची बिळं त्याने तेव्हापासून सोडून दिली.

एक सूचना मी आगंतुकपणे दिली होती: मेलेल्या जनावराला हात लावू नकोस, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नकोस. प्रेअरी डॉगांमध्ये प्लेग असतो, पिसवांमार्फत. १८९६ साली मांडवीत शिरलेला आणि पुढे निम्मी मुंबई रिकामी करणारा प्लेग ज्या जागतिक साथीचा भाग होता, तीच साथ जहाजांवरून १९०० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि तिथून पश्चिम अमेरिकेतल्या रानउंदरांत आणि खारींत कायमची मुक्कामाला राहिली. गिरगावातल्या माणसाने वायोमिंगच्या माणसाला हे सांगावं, यात तसं नवल काहीच नाही.

राहिलं होतं ते दुर्बीण सरळ बसवणं. क्रॉसहेअर दोन अंशांनी जरी कलला, आणि चारशेवर दीड-दोन मिल वर फिरवले, तर गोळी जवळजवळ इंचभर बाजूला जाते, आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालतो. भाच्याने रायफलवर बुडबुड्याची पट्टी ठेवून बसवली होती, पण वरचा पृष्ठभाग खरंच सपाट आहे याची खात्री कोण देणार? मी ओळंबा लावायला सांगितलं. शंभर यार्डांवर खांबाला दोरी, दोरीला वजन, आणि उभी तार दोरीला लावून घ्यायची. त्याने व्हिडिओवर दाखवलं: कॅस्परच्या वाऱ्यात दोरी लंबकासारखी झुलत होती. "बादलीत पाणी घे आणि वजन त्यात बुडव," मी म्हटलं. वजन म्हणून ट्रॅक्टरचा मोठा नट होता. तो बादलीत गेला, दोरी थांबली, त्याने तार तिच्यावर लावली आणि दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू एकेक करून, आलटून-पालटून, टॉर्क पान्याने १८ इंच-पाउंडांवर आवळले.